संग्रहालयातील वस्तू तिथे कशी पोहोचली, हे शोधण्याची पद्धत

संग्रहांच्या इतिहासावर काम करू इच्छिणारे विद्यार्थी आणि हौशी अभ्यासक यांची टिपणे वाचताना एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते. मूर्ती कोणत्या शतकातली, कोणत्या शैलीची, कोणत्या देवतेची, याने पानेच्या पाने भरलेली असतात. ती कोणी उचलली, कोणत्या साली, कोणाच्या हुकमाने, कोणत्या वाटेने संग्रहालयात आणली आणि त्या वेळी तिच्यासोबत आणखी काय आले, याविषयी शेवटी दोन ओळी असतात, आणि त्याही दालनातल्या पाटीवरून उतरवलेल्या असतात. वस्तूचा इतिहास आणि वस्तू गोळा होण्याचा इतिहास हे दोन वेगळे विषय आहेत. पहिल्याचा पुरावा बराचसा वस्तूच्या अंगावर असतो. दुसऱ्याचा पुरावा नोंदवह्या, अहवाल, सरकारी पत्रव्यवहार आणि जुन्या छायाचित्रांत विखुरलेला असतो, आणि तो ठरावीक क्रमाने गोळा केला नाही तर हाती फक्त ऐकीव कथा उरते.

हा क्रम बहुतेक वेळा उलटा होतो. अभ्यासक आधी गावात जातो, तिथे एक गोष्ट ऐकतो आणि मग त्या गोष्टीला जुळणारा कागद शोधत बसतो. पुढे दिलेला क्रम असा आहे : घरची तयारी, वस्तू, नोंदवही, छापील साधने, दप्तर, संचाचे इतर भाग, आणि सर्वांत शेवटी गाव. उदाहरणे मुख्यतः नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाच्या, म्हणजे शहर ज्याला अजूनही अजब बंगला म्हणते त्या संग्रहाच्या अनुषंगाने घेतली आहेत.

टप्पा १ : एकच वस्तू किंवा एकच आवक निवडा

‘नागपूरच्या संग्रहालयाचा इतिहास’ हा पहिल्या अभ्यासाचा विषय होऊ शकत नाही. १८६३ मध्ये सुरू झालेल्या संस्थेत शिलालेख, शिल्पे, नाणी, शस्त्रे, आदिवासी जीवनातील वस्तू आणि पेंढा भरलेले प्राणी असे सर्व काही आहे, आणि प्रत्येक प्रकाराची कागदपत्रे वेगळ्या ठिकाणी सापडतात. म्हणून एकच वस्तू घ्यावी, किंवा एकाच दिवशी एकाच व्यक्तीकडून अथवा कार्यालयाकडून आलेला एक गट घ्यावा. अशा गटाला या लेखात ‘आवक’ म्हटले आहे.

पहिल्यांदाच काम करणाऱ्याने शिलालेख निवडावा. शिलालेख एकोणिसाव्या शतकापासून वारंवार वाचले आणि छापले गेले आहेत, आणि प्रत्येक वाचकाने दगड त्या वेळी कुठे होता हे बहुधा लिहून ठेवले आहे. त्यामुळे तीस-चाळीस वर्षांच्या अंतराने घेतलेल्या नोंदी आपोआप मिळतात. त्यानंतर सोपी म्हणजे निधीतून, म्हणजे जमिनीत पुरलेल्या आणि पुढे सापडलेल्या ठेव्यातून, आलेली नाणी, कारण त्यांच्यामागे महसूल खात्याची फाइल असते. आदिवासी वस्तू सर्वांत कठीण आहेत. त्यांच्या नोंदीत जमातीचे नाव असते; बनवणाऱ्याचे, देणाऱ्याचे आणि अनेकदा गावाचेही नाव नसते.

निवड झाली की प्रश्न एका वाक्यात लिहावा : ही वस्तू कोणाच्या ताब्यातून कोणाच्या ताब्यात, केव्हा आणि कोणत्या मार्गाने गेली? वस्तूचे सौंदर्य, धार्मिक अर्थ किंवा काळ यांविषयीचे प्रश्न वेगळ्या वहीत ठेवावेत. दोन्ही एकाच वहीत आले की पहिला प्रश्न हमखास मागे पडतो.

सावधान : वस्तूचे रूढ नाव हा तिच्या मूळ जागेचा पुरावा नव्हे. माळव्याच्या परमार राजांची वंशावळ देणारा, विक्रम संवत् ११६१ म्हणजे इ.स. ११०४ चा नरवर्म्याच्या काळातील लेख अभ्यासकांत ‘नागपूर प्रशस्ती’ म्हणून ओळखला जातो. या नावातून दगड कुठे ठेवलेला आहे एवढेच कळते. तो नागपुरात कोरला गेला असे त्या नावावरून मानता येत नाही. तरीही ‘नागपूर येथे सापडलेला लेख’ असे वाक्य मी विद्यार्थ्यांच्या निबंधांत अनेकदा खोडले आहे.

टप्पा २ : घरची तयारी

या टप्प्याला सर्वांत कमी वेळ दिला जातो, आणि पुढची निम्मी गफलत इथेच पेरली जाते. संग्रहालयाच्या दारात पाऊल ठेवण्यापूर्वी तीन तक्ते हाताशी असले पाहिजेत.

पहिला तक्ता प्रशासकीय सीमांचा. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढला गेला. संबळपूर १९०५ पर्यंत मध्य प्रांतात होते, नंतर ते बंगालकडे गेले. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होते, तरी त्याचा कारभार हैदराबादशी जोडलेला राहिला आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, महाकोशल आणि छत्तीसगड नव्या मध्य प्रदेशात गेले आणि त्या राज्याची राजधानी भोपाळ झाली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला.

हा तक्ता कशासाठी हवा, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. छत्तीसगडमधील रतनपूरचा, कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव याचा शिलालेख नागपूरच्या संग्रहालयात आहे. आजचा नकाशा समोर ठेवणाऱ्याला हे विचित्र वाटते आणि तो ‘चोरी’, ‘लूट’ असे शब्द वापरायला लागतो. १८६१ नंतरचा नकाशा समोर ठेवला की दिसते, रतनपूर ज्या प्रांतात होते त्याच प्रांताच्या राजधानीत हा दगड आहे. याउलट १९०३ पूर्वी अमरावती किंवा अकोला भागातून नागपूरला आलेली वस्तू दिसली, तर तिथे थांबून विचारले पाहिजे, कारण तेव्हा वऱ्हाडाचा कारभार वेगळ्या वाटेने चालत होता.

दुसरा तक्ता स्थळनामांचा. इंग्रजी कागदांत नागपूर किमान तीन प्रकारे लिहिलेले आढळते. चंद्रपूर १९६४ पर्यंत चांदा होते. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपुरातून आणि गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून निघाला. त्यामुळे जुन्या नोंदीत ‘चांदा जिल्हा’ असेल तर ते गाव आज गडचिरोलीतही असू शकते. एकाच नावाची गावे विदर्भात पुष्कळ आहेत. खापा, पारडी, पिंपळगाव यांपैकी नाव आले की तहसील कळल्याशिवाय नकाशावर खूण करू नये.

तिसरा तक्ता व्यक्तींचा. संग्रहालयाशी जोडल्या गेलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याचे, मिशनऱ्याचे आणि संशोधकाचे नागपुरातील वास्तव्याचे वर्ष आणि मृत्यूचे वर्ष लिहून ठेवावे. मिशनरी आणि भूगर्भशास्त्राचे अभ्यासक स्टीफन हिस्लॉप यांचा मृत्यू ४ सप्टेंबर १८६३ रोजी झाला, आणि त्यांची मध्य प्रांतातील आदिवासींविषयीची टिपणे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादित करून छापली. म्हणजे १८६३ नंतरच्या तारखेखाली ‘हिस्लॉप यांनी दिले’ अशी नोंद दिसली, तर ती वस्तू त्यांनी स्वतः दिलेली असू शकत नाही. कोणीतरी नंतर त्यांच्या संग्रहातून दिली असेल, किंवा नाव नंतर घातले गेले असेल. एवढी साधी तारीख आधी माहीत नसल्यामुळे पुढची सगळी मांडणी कोसळताना मी पाहिली आहे.

परवानगीचा अर्जही याच टप्प्यात करावा. मध्यवर्ती संग्रहालय राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या अखत्यारीत येते. अभिरक्षकांच्या (क्युरेटरच्या) नावे अर्ज लिहिताना ‘संग्रह पाहण्याची परवानगी द्यावी’ असे मोघम लिहू नये. कोणती वस्तू, तिचा दालनातील क्रमांक, कोणत्या वर्षांच्या नोंदवह्या, छायाचित्रे हवीत की नाहीत आणि किती दिवस लागतील, हे स्पष्ट लिहावे. आपल्या विभागाचे किंवा महाविद्यालयाचे पत्र जोडावे. मोघम अर्ज टेबलावर पडून राहतो, कारण त्यावर काय हुकूम द्यावा हे कोणालाच कळत नाही.

टप्पा ३ : वस्तू स्वतः पाहा, पाटी नंतर वाचा

दालनात गेल्यावर पहिली पंधरा मिनिटे पाटीकडे पाहू नये. पाटी ही अनेकदा सर्वांत अलीकडची आणि सर्वांत कमी पुराव्याची नोंद असते. वस्तूच्या मागची, खालची आणि आतली बाजू पाहण्याची विनंती करावी. जुने क्रमांक तिथेच असतात : रंगाने लिहिलेले, कागदी चिठ्ठीवर चिकटवलेले, दोऱ्याने बांधलेल्या पुठ्ठ्यावरचे, क्वचित दगडातच कोरलेले.

एकाच वस्तूवर तीन-चार क्रमांक आढळले तर ती अडचण समजू नये. तेच आपले सर्वांत मोठे भांडवल आहे. प्रत्येक क्रमांक म्हणजे वस्तू कधीतरी कोणीतरी मोजली, याची खूण. ते सर्व जसेच्या तसे उतरवावेत. रंग, लिपी, अंक देवनागरी की रोमन, अपूर्णांकासारखी तिरकी रेघ आहे का, अक्षर पुसले असेल तर किती, हे सारे लिहावे. ‘२३/४’ हा क्रमांक ‘२३४’ असा उतरवला की नोंदवहीत भलतीच वस्तू निघते.

मोजमाप स्वतः घ्यावे आणि सेंटिमीटरसोबत इंचही लिहून ठेवावेत, कारण जुन्या नोंदी फूट-इंचांत आहेत आणि ओळख पटवताना तेच आकडे उपयोगी पडतात. छायाचित्रात मोजपट्टी ठेवावी. फ्लॅश वापरू नये. वहीत पेन्सिलीनेच लिहावे. जुन्या वस्तू आणि कागदांजवळ शाईचे पेन उघडू नये.

पडताळणी : दालनातून बाहेर पडण्यापूर्वी उतरवलेले सर्व क्रमांक वस्तूशी पुन्हा एकदा ताडून पाहा. दुसऱ्या कोणाला मोठ्याने वाचायला सांगून आपण वहीत पाहिले, तर चूक लगेच सापडते.

टप्पा ४ : नोंदवही ही घटना नव्हे, घटनेची नोंद आहे

संग्रहालयात बोलताना सगळे ‘ॲक्सेशन रजिस्टर’ म्हणतात. मराठी कागदांत दाखल नोंदवही हा शब्दही चालतो. नोंदवहीत वस्तूची ओळ सापडली की अभ्यासकाला शोध संपल्यासारखा वाटतो. खरे तर तिथे तो सुरू होतो, आणि या लेखातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा मी हाच मानतो.

ओळ वाचण्याआधी संपूर्ण वही वाचावी, निदान चाळावी. वहीची सुरुवात कोणत्या तारखेपासून आहे, अक्षर कितीदा बदलते, शाई कुठे बदलते, क्रमांक सलग आहेत की मध्ये तुटतात, कोणते रकाने नेहमी रिकामे राहतात, हे टिपावे. शंभर-दीडशे ओळी एकाच हाताने, एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहिलेल्या दिसत असतील आणि त्यांत तारखा मात्र वीस वर्षांच्या पसरलेल्या असतील, तर ती वही नंतर एखाद्या जुन्या यादीवरून नव्याने उतरवली गेली आहे. अशा वहीतील तारीख वस्तू आल्याची आहे, यादी केल्याची आहे की नक्कल केल्याची, हे ठरवल्याशिवाय ती लेखात वापरता येणार नाही.

‘वरीलप्रमाणे’ ही खूण अनेकांना फसवते. ‘कोणाकडून’ या रकान्यात एकदा एखाद्या उपायुक्ताचे नाव येते आणि खाली चाळीस ओळी तीच खूण चालू राहते. लिहिणाऱ्याने ती खूण कुठे थांबवायची होती हे कधी विसरलेले असते, कधी पान उलटल्यावर ती वेगळ्याच नावाला लागते. म्हणून खुणेच्या साखळीतील पहिली आणि शेवटची वस्तू शोधून, दोन्हींची ठिकाणे एकाच व्यक्तीच्या कार्यक्षेत्रात बसतात का, हे टप्पा २ मधल्या स्थळनामांच्या तक्त्यावरून पाहावे.

‘जुना संग्रह’ ही नोंद दिसली तर तिचा अर्थ एवढाच घ्यावा की लिहिणाऱ्याच्या वेळी वस्तू आधीपासून तिथे होती. त्यातून ‘१८६३ पासून संग्रहालयात’ असे वाक्य काढू नये. ‘भेट’, ‘खरेदी’, ‘पाठवले’, ‘जमा’ हे शब्दही एकमेकांऐवजी वापरू नयेत. कलेक्टर कचेरीतून ‘जमा’ झालेली वस्तू ही भेट नव्हे. तिच्यामागे कायदा आणि एक वेगळी फाइल आहे.

पडताळणी : आपल्या वस्तूच्या आधीच्या दहा आणि नंतरच्या दहा ओळी पूर्ण उतरवून घ्या. एकाच आवकेतल्या वस्तू बहुधा शेजारीशेजारी नोंदलेल्या असतात, आणि आपल्या ओळीत जे गाव लिहायचे राहिले ते शेजारच्या ओळीत अनेकदा मिळते.

टप्पा ५ : छापील साधने, जुन्यापासून नव्याकडे

दप्तरात शिरण्याआधी छापील साहित्य संपवावे, कारण त्यातून तारीख आणि अधिकाऱ्याचे नाव मिळाले की दप्तरातील शोध महिन्यांवरून दिवसांवर येतो. क्रम जुन्यापासून नव्याकडे ठेवावा. नव्या पुस्तकापासून मागे जाणारा वाचक त्यातली चूक डोक्यात घेऊन जुना मजकूर वाचतो.

मध्य प्रांतासाठी उपयोगी साधने अशी : बंगालच्या एशियाटिक सोसायटीची कार्यवृत्ते, अलेक्झांडर कनिंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे पुरातत्त्व सर्वेक्षणाचे अहवाल, हेन्री कझेन्स यांची १८९७ मधील मध्य प्रांत व वऱ्हाडातील प्राचीन अवशेषांची यादी, रायबहादूर हिरालाल यांची १९१६ मध्ये निघालेली शिलालेखांची वर्णनात्मक सूची आणि तिची १९३२ ची दुसरी आवृत्ती, कोरीव लेख छापणाऱ्या ‘एपिग्राफिया इंडिका’चे खंड, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे कलचुरी-चेदी लेखांचे १९५५ चे व वाकाटक लेखांचे १९६३ चे संपादन. स्वातंत्र्यानंतरच्या उत्खननांसाठी १९५३-५४ पासून निघणारा केंद्रीय पुरातत्त्व खात्याचा वार्षिक आढावा पाहावा.

प्रत्येकात वस्तूविषयीचे एकच वाक्य शोधायचे आहे : लेखकाने ती कुठे पाहिली? हिरालाल यांच्या सूचीच्या दोन आवृत्त्या समोरासमोर ठेवल्या आणि पहिल्या आवृत्तीत दगड गावात व दुसऱ्या आवृत्तीत संग्रहालयात असला, तर स्थलांतर त्या दोन नोंदींच्या मधल्या सोळा वर्षांत झाले असावे, एवढी चौकट मिळते. मात्र दुसऱ्या आवृत्तीतील मजकूर पहिल्यावरून तसाच उचललेला नाही, हेही पाहावे लागते. लेखकाने स्वतः पाहून लिहिले की आधीच्यावरून उतरवले, हे वाक्याच्या घडणीवरून बहुधा कळते, कारण उतरवलेल्या वाक्यात जुनी मोजमापे आणि जुनी स्थळनामेही तशीच राहतात.

सावधान : ‘१८७०-७१’ असे वर्ष दिसले की ते कॅलेंडरचे वर्ष समजू नका. सरकारी अहवालाचे वर्ष बहुधा १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपते. महसुली कागदांत फसली, म्हणजे पिकांच्या हंगामावर मोजलेला, सनही येतो. शिलालेखांतील संवतांसाठी विक्रमातून साधारण ५७ वजा, शकात ७८ मिळवणे आणि कलचुरी संवतात २४८ मिळवणे हा ढोबळ हिशेब असून महिना-तिथीनुसार एक वर्षाचा फरक पडतो.

टप्पा ६ : दप्तर

आता कागदांकडे जावे. नागपुरातच राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे विदर्भासाठीचे अभिलेखागार आहे, आणि सुरुवात तिथूनच करावी. १९५६ मध्ये राजधानी भोपाळला गेल्यावर प्रांतिक सचिवालयाच्या दप्तराचीही फाटाफूट झाली, त्यामुळे छत्तीसगड किंवा महाकोशलातून आलेल्या वस्तूची फाइल भोपाळला असण्याची शक्यता धरून चालावे. केंद्र सरकारकडे गेलेला पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, आणि त्याचा बराच भाग ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या शोधता येतो. लंडनमधील इंडिया ऑफिसचे कागद ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

‘संग्रहालय’ हा शब्द शोधून फाइल सापडेलच असे नाही. जमिनीत सापडलेल्या नाण्यांची आणि दागिन्यांची फाइल महसूल खात्यात असते. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडले, तर सापडणाऱ्याने कलेक्टरला लेखी कळवायचे असते, आणि त्या सूचनेत काय व किती सापडले, कोणत्या जागी आणि कोणत्या तारखेला, या तीन गोष्टी द्यायच्या असतात. आपल्याला नेमके तेच हवे आहे. संग्रहालयाच्या नोंदवहीत ‘नाणी, जिल्हा भंडारा’ एवढेच असले, तरी कलेक्टरच्या फाइलीत शेताचा मालक, गाव आणि एकूण संख्या असू शकते. संख्या विशेष जपून उतरवावी, कारण निधी अनेक संग्रहालयांत वाटला जाई आणि नागपूरला आला तो त्याचा एक वाटा असे.

फाइल हाती आल्यावर फक्त वरचे पत्र वाचून परत देऊ नये. अखेरचा हुकूम वर असतो आणि पहिली तक्रार, पहिले वर्णन, मोडीतील किंवा हिंदीतील मूळ अर्ज तळाशी असतो. इंग्रजी सारांश आणि मूळ अर्ज यांत फरक असेल तर दोन्ही नोंदवावेत. मोडी येत नसेल तर वाचणाऱ्याची मदत घ्यावी आणि लिप्यंतर कोणी केले हे लिहावे.

पडताळणी : प्रत्येक टिपणावर खाते, वर्ष, फाइल क्रमांक आणि पानाचा क्रमांक त्याच क्षणी लिहा. घरी आल्यावर लिहीन म्हणून ठेवलेला फाइल क्रमांक पुन्हा मिळवण्यासाठी अख्खा दिवस जातो.

टप्पा ७ : संचाचे विखुरलेले भाग

वस्तू एकटी आलेली नसेल तर तिची भावंडे शोधल्याशिवाय तिची कहाणी पूर्ण होत नाही. गुंगेरिया निधी हे याचे आपल्या भागातील सर्वांत बोलके उदाहरण आहे. १८७० मध्ये आजच्या मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, गुंगेरिया येथे, गुरे राखणाऱ्या मुलांना तांब्याची ४२४ अवजारे आणि चांदीचे १०२ पत्रे सापडले. आज हा निधी एका जागी नाही. त्यातील काही वस्तू नागपूरला आहेत, काही कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आणि काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. नागपूरमधील अवजारे पाहून निधीच्या रचनेविषयी निष्कर्ष काढणारा अभ्यासक प्रत्यक्षात वाटणी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या निवडीविषयी बोलत असतो. नागपूरजवळच्या जुनापाणी येथील शिलावर्तुळांचेही तसेच आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी रिव्हेट-कार्नॅक यांनी ती उकरली आणि त्यांतील वस्तू ब्रिटिश म्युझियमपर्यंत गेल्या. त्याच स्थळी १९६१-६२ मध्ये केंद्रीय पुरातत्त्व खात्याने बी. के. थापर यांच्या देखरेखीखाली शास्त्रीय उत्खनन केले. दोन्ही खेपांच्या वस्तू ‘जुनापाणी’ या एकाच नावाखाली एकत्र मोजू नयेत.

एक साधा ताळेबंद मांडावा : मूळ संख्या, कोणत्या ठिकाणी किती, आणि बेरीज जुळत नसेल तर किती कमी. कमी पडलेल्या वस्तू ‘हरवल्या’ असे लिहू नये. ‘या साधनांत आढळल्या नाहीत’ असे लिहावे.

टप्पा ८ : गाव आणि माणसे

गावाला जाण्याची वेळ आता येते. जाताना हातात जुने छायाचित्र किंवा वस्तूचा फोटो असावा आणि ‘इथून मूर्ती नेली होती ना?’ असे उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नयेत. एखाद्या आजोबांना ‘तुमच्या लहानपणी या टेकडीवर काय काय होते?’ असे विचारले, तर ते स्वतःच्या क्रमाने सांगतात आणि त्यात न विचारलेली माहिती येते. जे ऐकले ते सांगणाऱ्याच्या परवानगीनेच, त्यांच्या शब्दांत नोंदवावे आणि ती आठवण आहे हे स्पष्ट ठेवावे. आठवणीत तारखा चुकतात, पण दगड बैलगाडीत कोणत्या बाजूने उतरवला, हे कधी कधी कागदाहून नेमके असते.

आदिवासी संग्रहाच्या बाबतीत अधिक जबाबदारी आहे. नोंदीतील ‘गोंड’ हा शब्द शंभर वर्षांपूर्वीच्या लिहिणाऱ्याने घातलेला असतो. समाजातील जाणत्यांना ती वस्तू दाखवली तर तिचे खरे नाव, उपयोग आणि ती उघड्यावर ठेवण्याजोगी आहे की नाही, हे ते सांगू शकतात. देवाच्या वस्तूचे छायाचित्र छापू नका असे त्यांनी सांगितले, तर छापू नये. माझ्या मते या बाबतीत तडजोडीला जागा नाही.

सावधान : गावात कोणी जुनी नाणी किंवा मूर्ती दाखवून विकत घ्या म्हणाले तर घेऊ नका, आणि मध्यस्थीही करू नका. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना आणि पंचाहत्तर वर्षांहून जुन्या महत्त्वाच्या हस्तलिखितांना १९७२ चा पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती कायदा लागू होतो. तो ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आहे. नव्याने काही सापडले असेल तर ते कलेक्टर कचेरीला कळवायला सांगा आणि वस्तू जागेवरून हलवू देऊ नका.

टप्पा ९ : साखळी लिहिणे, आणि तुटलेली कडी तुटलेलीच ठेवणे

आता जमलेले सारे एका तक्त्यात मांडावे. डावीकडे तारीख, मग ताबा कोणाकडे, मग हस्तांतराचा प्रकार, मग पुरावा, आणि शेवटी त्या पुराव्याचा दर्जा : प्रत्यक्ष त्या वेळचा कागद, नंतरची नोंद, आठवण, की अभ्यासकाचा तर्क. दर्जाचा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण तोच रिकामा ठेवला तर तर्क आणि पुरावा एका रंगात दिसू लागतात.

नागपूरच्या पहिल्या रघूजी भोसल्यांच्या तलवारीवर हा तक्ता कसा चालतो ते पाहा. लंडनमध्ये २९ एप्रिल २०२५ रोजी झालेल्या लिलावात ही तलवार महाराष्ट्र शासनाने मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. पात्यावर देवनागरी अक्षरांत रघूजी भोसले आणि सेनासाहेब सुभा ही पदवी आहे. रघूजींचा मृत्यू १७५५ चा. म्हणजे तक्त्याची पहिली आणि शेवटची ओळ भक्कम आहे. मधल्या ओळींबाबत मात्र घाई होते. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतरची लूट, त्यापुढच्या काळात कोणा इंग्रज अधिकाऱ्याला मिळालेली भेट, १८५४ मध्ये राज्य खालसा झाल्यावर भोसल्यांच्या मालमत्तेची झालेली विक्री, ज्यात जवाहिर कलकत्त्याला नेऊन विकले गेले, हे सगळे मार्ग संभवतात. पात्यावरचा लेख मालकाचे नाव सांगतो; तलवार कोणत्या वाटेने गेली ते सांगत नाही. या तीनपैकी कोणताही मार्ग तक्त्यात घ्यायचा, तर त्याच्यासमोर त्याचा स्वतंत्र कागद हवा : लुटीच्या मालाची यादी, अधिकाऱ्याचे पत्र किंवा लिलावाची सूची. कागद नसेल तर १७५५ आणि २०२५ यांच्या मधल्या ओळीवर ‘पुरावा उपलब्ध नाही’ असे लिहून तिन्ही शक्यता खाली टीप म्हणून द्याव्यात. ज्यांना आपल्या शहराविषयी जिव्हाळा आहे त्यांना हे लिहिणे जड जाते, हे मला माहीत आहे. तरीही ते तसेच लिहिले पाहिजे, कारण उद्या खरा कागद सापडला तर त्याला तक्त्यात बसायला जागा राहते.

लेख लिहिताना ‘आणण्यात आले’, ‘हलवण्यात आले’ अशी कर्ता लपवणारी क्रियापदे टाळावीत. कोणी आणले हे माहीत असेल तर नाव लिहावे, आणि माहीत नसेल तर वाक्यात तसे म्हणावे. मजुरांनी उचलले, तहसीलदाराने पाठवले, उपायुक्ताने मंजूर केले, अभिरक्षकाने दाखल केले, अशी चार वेगळी कामे असतात, आणि बहुतेक लेखांत फक्त उपायुक्ताचे नाव उरते.

टप्पा १० : एक प्रत संग्रहालयाला

तक्ता, छायाचित्रे आणि उतारे यांची एक छापील प्रत अभिरक्षकांना द्यावी, दुसरी आपल्या विभागाच्या ग्रंथालयात ठेवावी. प्रतीच्या पहिल्या पानावर वस्तूचे सर्व क्रमांक, पाहणीच्या तारखा, पाहिलेल्या नोंदवह्या आणि मागवूनही न मिळालेल्या फाइलींचे क्रमांक लिहावेत. ही शेवटची यादी सहसा कोणी देत नाही. पण पुढचा अभ्यासक त्याच अभिलेखागारात जाईल तेव्हा त्याला तीच सर्वांत आधी लागेल, कारण दप्तराची नवी सूची तयार झाली की आज ‘सापडत नाही’ म्हणून परत आलेला क्रमांक पुन्हा मागवता येतो.